उतारा काय सांगतो? मुख्य विचार आणि त्याचे आधार



प्रश्नपत्रिकेतल्या उताऱ्याखाली एक प्रश्न हमखास असतो: उताऱ्यातील मध्यवर्ती कल्पना लिहा. उत्तर बहुधा दोन शब्दांत येते. ‘पावसाचे महत्त्व’, ‘वृक्षसंवर्धन’, ‘खरी मैत्री’. तपासणाराही बरोबरची खूण करून पुढे जातो. घोटाळ्याला सुरुवात इथूनच होते. ‘पावसाचे महत्त्व’ हा उताऱ्याचा विषय झाला. उतारा कशाबद्दल आहे एवढेच त्यातून कळते. त्याबद्दल तो काय म्हणतो, हे कळत नाही. आणि मुख्य विचार म्हणजे नेमके तेच म्हणणे. विषय एका शब्दात मावतो. विचाराला पुरे वाक्य लागते, आणि तेही असे की ज्याला कोणी हो म्हणेल, कोणी नाही म्हणेल. ‘वृक्षसंवर्धन’ या शब्दाशी भांडण कोण उकरून काढणार?

नियम सांगण्याआधी एक छोटा उतारा समोर ठेवलेला बरा.

‘महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वी तिथे पावसाळ्याआधी घरांच्या भिंतींना गवताची आवरणे बांधत. तिथून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर असलेल्या पाचगणीत पाऊस याच्या निम्म्याहूनही कमी होतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आले की तो हजार मिलिमीटरच्याही खाली येतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढतात, थंडावतात आणि माथ्यावरच रिते होतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी देशभर जाते. घाटाखाली पोचणाऱ्या वाऱ्यात पाऊस पाडण्याजोगे बाष्प फारसे उरलेले नसते.’

सहा वाक्ये. यांचा मुख्य विचार कोणता? वर्गात याची चार उत्तरे हमखास येतात. पहिले: ‘सह्याद्रीतील पाऊस’. हा विषय झाला, तो बाजूला ठेवावा. दुसरे: ‘महाबळेश्वरला खूप पाऊस पडतो’. वाक्य खरे आहे, उताऱ्यात आहे, अगदी पहिलेच आहे. पण ते मुख्य मानले तर पाचगणी आणि वाई कशाला आल्या? निम्मा उतारा निराधार लोंबकळत राहतो. विधान अपुरे पडले. तिसरे उत्तर: ‘सह्याद्रीमुळे महाराष्ट्रात दुष्काळ पडतो’. ऐकायला भारदस्त, पण उताऱ्यात दुष्काळाचा शब्द नाही आणि वाईच्या पलीकडचे एकही गाव नाही. हे विधान उताऱ्याच्या अंगाला ढगळ होते. राहिले चौथे: ‘सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेला गेले की थोड्याच अंतरात पाऊस झपाट्याने घटतो, कारण वारे माथ्यावरच रिते होतात.’ या विधानाखाली तीन गावांचे तीन आकडे येतात, कड्याला अडणारे वारे येतात, शेवटचे वाक्यही येते. आणि गंमत अशी की हे वाक्य उताऱ्यात कुठेच लिहिलेले नाही.

आता उरलेल्या दोन वाक्यांकडे पाहावे. गवताच्या आवरणांचे वाक्य मुख्य विचाराला थेट टेकू देत नाही. ते पहिल्या वाक्याला देते. पाऊस किती, तर भिंती झाकून घ्याव्या लागत इतका. म्हणजे तो आधाराचा आधार. काढून टाकला तर उतारा थोडा फिका होईल, कोसळणार नाही. आणि स्ट्रॉबेरी? ती कोणालाच आधार देत नाही. पण उतारा वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना विचारले की काय आठवते, तर स्ट्रॉबेरीचे नाव आधी येण्याचाच संभव जास्त. या स्ट्रॉबेरीकडे पुढे पुन्हा वळायचे आहे.

एवढ्या एका उदाहरणातून पद्धतीचा गाभा हाती लागतो. मुख्य विचार म्हणून जे विधान पुढे येईल, त्याला प्रत्येक वाक्याच्या वतीने प्रश्न विचारायचा: ‘कशावरून?’, ‘का?’, ‘कसे?’, ‘म्हणजे काय?’ यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर ते वाक्य देत असेल तर ते आधाराचे वाक्य. आकडा, उदाहरण, कारण, तुलना, जाणकाराचे मत, ही सगळी त्या प्रश्नांची उत्तरे देण्याची रूपे. त्यांची लांबलचक वर्गवारी पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. आणि उताऱ्यातली बरीच वाक्ये बेवारस राहत असतील तर दोष वाक्यांचा नसतो, विधान चुकलेले असते.

श्रोतेहो, ही पद्धत नवी वाटत असेल तर ती नवी नाही. भारतात वाक्यार्थाचे शास्त्र म्हणून पूर्वमीमांसा उभी राहिली, तीच मुळी या प्रश्नावर. वेदवाक्यांचा ढीग समोर आहे. त्यातले आज्ञा करणारे वाक्य कोणते आणि त्या आज्ञेची भलामण करणारे कोणते? जैमिनीच्या सूत्रांतल्या पहिल्या अध्यायाचा दुसरा पाद याच चर्चेने सुरू होतो. तिथले नेहमीचे उदाहरण असे: ऐश्वर्याची इच्छा असणाऱ्याने वायुदेवतेला अमुक आहुती द्यावी, असे एक वाक्य, आणि वायू ही सर्वांत वेगवान देवता आहे, असे त्याच्या शेजारचे दुसरे. दुसऱ्या वाक्यात करण्यासारखे काहीच सांगितलेले नाही. मग ते व्यर्थ म्हणायचे का? मीमांसक म्हणतात, नाही. ते पहिल्याची स्तुती करते, पहिल्याकडे ओढून नेते, पहिल्याशी एकवाक्य होऊन अर्थ पावते. पहिले विधी, दुसरे अर्थवाद. एक मुख्य, दुसरे त्याचे पोषक. शालेय पाठ्यपुस्तकात आज जे ‘मुख्य मुद्दा’ आणि ‘सहायक तपशील’ म्हणून येते, ते याहून फारसे वेगळे नाही.

याच परंपरेने संपूर्ण ग्रंथाचे तात्पर्य काढण्याच्या खुणाही ठरवून दिल्या. ग्रंथाचा आरंभ आणि शेवट, म्हणजे उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट, अपूर्वता, म्हणजे इतरत्र न मिळणारे असे काय सांगितले आहे, फल, म्हणजे त्या सांगण्याचा परिणाम, अर्थवाद, आणि उपपत्ती, म्हणजे युक्तिवाद. आरंभ-शेवट ही जोडी एक धरली तर खुणा सहा, वेगवेगळे धरले तर सात.

मराठीत या खुणा सर्वांत गाजल्या त्या एका ग्रंथामुळे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ साली छापून प्रसिद्ध झाले. एवढा मोठा ग्रंथ, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न उताऱ्याखालच्या प्रश्नासारखाच आहे: गीतेचा मुख्य विचार कोणता? टिळक पहिल्याच प्रकरणात मीमांसकांची ही कसोटी पुढे मांडतात आणि ती गीतेला लावून पाहतात. आरंभी काय आहे? अर्जुन लढायला नकार देतो. शेवटी काय आहे? तो सांगितल्याप्रमाणे करायला तयार होतो. मधे पुन्हा पुन्हा काय येते? ‘म्हणून’ असे म्हणून युद्धाला उभे राहण्याचा उपदेश. फल काय झाले? अर्जुन लढला. तेव्हा गीतेचे प्रतिपाद्य संन्यास नसून कर्मयोग आहे, ज्ञान आणि भक्ती त्याच्या पोषणाला आलेली आहेत, असा टिळकांचा निर्णय.

निर्णय सर्वांनी मान्य केला का? मुळीच नाही. ज्या खुणा टिळकांनी वापरल्या त्या वेदान्ती टीकाकारांनाही ठाऊकच होत्या, आणि त्यांना गीतेत ज्ञान मुख्य व कर्म त्याचे साधन दिसले होते. एकाच्या हिशेबी जे मुख्य, ते दुसऱ्याच्या हिशेबी पोषक. मग या कसोट्यांचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे ग्रंथावर टेकवून दाखवावे लागले. ‘मला असे वाटते’ एवढ्यावर कोणाचेच भागले नाही. मुख्य विचाराबद्दल दोन वाचकांचे मतभेद होऊ शकतात, पण कोणतेही मत चालते असा त्याचा अर्थ होत नाही; ज्या विधानाने ग्रंथातली जास्तीत जास्त वाक्ये जागेवर बसतात, ते वरचढ ठरते. टिळकांच्या मांडणीचे बळ या दृष्टीने आरंभ आणि फल यांच्या जोडीत आहे. रणांगणावर सुरू होऊन लढाईतच संपणाऱ्या संवादात त्यागाचा उपदेश मुख्य मानला, तर त्या रणांगणाचे करायचे काय, याचे उत्तर द्यावे लागते.

आता एक सुटसुटीत पण फसवा नियम. परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचा, तेच मुख्य वाक्य. नाहीतर शेवटचे वाचा. शिकवण्यांमध्ये हा तोडगा सर्रास दिला जातो. त्याचे मूळ बरेच जुने आहे. स्कॉटलंडमधल्या अॅलेक्झांडर बेन यांनी १८६६ साली इंग्रजी लेखनावर पाठ्यपुस्तक लिहिले आणि परिच्छेदाच्या आरंभीच्या वाक्याने त्याचा विषय सूचित करावा असे बजावले. लेखकासाठीचा हा सल्ला पुढे वाचकांच्या वर्गात वस्तुस्थिती म्हणून शिकवला जाऊ लागला. सुमारे शंभर वर्षांनी, १९७४ साली, रिचर्ड ब्रॅडॉक या अमेरिकी अभ्यासकाने नामांकित मासिकांतले निबंध घेऊन मोजणी केली, तेव्हा मुख्य वाक्याने सुरू होणारे परिच्छेद फक्त १३ टक्क्यांच्या आसपास निघाले. चांगले लेखक नियम पाळत नव्हते. पाठ्यपुस्तकासाठी मुद्दाम रचलेला उतारा तेवढा तो पाळतो, आणि म्हणूनच त्या उताऱ्यावर शंभर टक्के मिळवणारा विद्यार्थी वर्तमानपत्रातल्या अग्रलेखापाशी अडखळतो.

मराठी निबंधात तर पहिल्या वाक्यावर विसंबणे जास्तच धोक्याचे. वादात मुरलेला लेखक आधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडतो, आणि ऐटीत मांडतो. दोनदोन परिच्छेद पूर्वपक्ष चालतो. मग एक ‘पण’ येतो, किंवा ‘तथापि’, किंवा ‘असे असूनही’. आणि लेखकाचे स्वतःचे म्हणणे त्यानंतर सुरू होते. घाईने वाचणारा पूर्वपक्षच लेखकाच्या नावावर जमा करतो. उलट बाजूने, जोतीराव फुले यांच्या १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आरंभी आलेल्या प्रसिद्ध ओळी आठवाव्यात. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा हानींची साखळी सांगत जाऊन पहिल्या ओळीत सूचित झालेले त्या सगळ्यांचे कारण अखेरच्या ओळीत उघडपणे येते. तिथे पहिल्या ओळीवर थांबणाऱ्याला कारण समजेल, पण त्याचा पसारा समजणार नाही. मधल्या ओळीवर थांबणाऱ्याला तेही नाही. मुख्य विचाराला उताऱ्यात ठरलेली जागा नसते. कधी कधी तर वाक्यच नसते.

वाक्यच नसले तर? अभ्यासाची खरी कसोटी इथे लागते. १९७८ साली वॉल्टर किंच आणि टॉन व्हान डाइक या दोघांनी आकलनाचा जो आराखडा मांडला, त्यात वाचकाचे मन उताऱ्याचे काय करते हे तीन क्रियांत सांगितले होते: गौण ते गाळणे, अनेक सुट्या गोष्टींना एका व्यापक नावाखाली घेणे, आणि अनेक वाक्यांमधून नवे वाक्य रचणे. पुढे १९८३ साली अॅन ब्राउन आणि जीन डे यांनी पाचवीपासून कॉलेजपर्यंतच्या विद्यार्थ्यांकडून सारांश लिहून घेतले. गाळण्याचे काम पाचवीची मुलेही बऱ्यापैकी करत होती. आंबे, पेरू, चिकू म्हणण्याऐवजी फळे म्हणावे, हे थोडे उशिरा जमत होते. पण उताऱ्यात नसलेले मुख्य वाक्य स्वतः रचणे कॉलेजातल्यांनाही सगळ्या ठिकाणी जमले नाही. लहान मुलांचा सारांश म्हणजे मूळ उताऱ्यातली वाक्ये जशीच्या तशी उचलायची आणि मधली काही सोडून द्यायची. मराठी शाळांतल्या सारांशलेखनाच्या वह्या चाळणाऱ्याला यात अनोळखी असे काही वाटणार नाही.

रचण्याचे हे काम केवळ शाळकरी नव्हे, याचा दाखला न्यायालयात मिळतो. केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी लागला. १३ न्यायमूर्तींचे पीठ, ११ वेगवेगळी निकालपत्रे, सातशेच्या आसपास छापील पाने. यात न्यायालयाने नेमके काय ठरवले? सहा न्यायमूर्तींच्या मते संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा होत्या. सहांच्या मते तशा मर्यादा नव्हत्या. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी पहिल्या सहांचा सगळा युक्तिवाद स्वीकारला नाही, पण दुरुस्तीच्या नावाखाली राज्यघटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, एवढे मान्य केले. सात विरुद्ध सहा. सातांना समान असलेले हे विधान सातांच्या निकालपत्रांत एकाच शब्दांत आणि एकाच कारणांसह नव्हते. ते निवडून, गाळून, जुळवून मांडावे लागले. त्यासाठी मोजक्या मुद्द्यांचे एक निवेदन तयार झाले, त्यावर नऊ न्यायमूर्तींनी सह्या केल्या आणि चौघांनी केल्या नाहीत. सही करणाऱ्यांत मूळचे पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते, जे त्या खटल्यात अल्पमतात होते. बहुमताचा निष्कर्ष काय, हे मान्य करायला तो पटलेला असावा लागत नाही. वाचकाने उताऱ्यापाशी हा गुण घ्यावा. पटत नसलेल्या उताऱ्याचा मुख्य विचारही जसा आहे तसाच सांगता आला पाहिजे. पुढे १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात सरन्यायाधीश म्हणून चंद्रचूड यांनीच हे मूलभूत चौकटीचे तत्त्व लागू केले.

आता राहिलेली स्ट्रॉबेरी. नारदीय कीर्तनाची रचना इथे उपयोगी पडते. पूर्वरंगात बुवा मूळ पद घेतात आणि त्यातल्या सिद्धान्ताचे निरूपण करतात. उत्तररंगात त्याच सिद्धान्ताला दृष्टान्त म्हणून आख्यान लावतात. मुख्य विचार पूर्वरंगात, आधार उत्तररंगात. पण घरी परतणारे श्रोते कशाबद्दल बोलतात? आख्यानाबद्दल. कोणी कसे रडले, कोणाची कशी फजिती झाली, बुवांनी चाल कशी घेतली. आख्यान ज्यासाठी सांगितले ते पद मागे राहते. हा श्रोत्यांचा दोष म्हणायचा की बुवांच्या हातोटीचा, हे ठरवणे कठीण आहे. जाणते बुवा मात्र आख्यान संपवताना मूळ पदावर परत येतात. रूथ गार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली हेच छापील उताऱ्यांबाबत दाखवले. चटकदार पण अवांतर माहिती घातली की ती लक्षात राहते आणि मुख्य मुद्दे आठवणीतून निसटतात, प्रौढ वाचकांच्यासुद्धा. रंजकता आणि महत्त्व ही दोन वेगळी मापे आहेत. मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून धड्यात किस्से पेरणाऱ्या पाठ्यपुस्तककारांनी हे ध्यानात घ्यावे. किस्सा मुख्य विचाराला जोडलेला असेल तर तो विचार घेऊन येतो, जोडलेला नसेल तर विचाराची जागा बळकावतो.

इथपर्यंत सगळा भार पद्धतीवर टाकला. पण पद्धत येऊनही उतारा कळत नाही, असे होते की नाही? होते, आणि पुष्कळदा होते. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन यांनी १९७२ साली एक उतारा लोकांना ऐकवला. त्यात वस्तूंचे ढीग करण्याबद्दल, एका वेळी फार न घेण्याबद्दल, आणि हे सगळे पुन्हा पुन्हा करावे लागण्याबद्दल सांगितले होते. प्रत्येक शब्द सोपा, पण अर्थ लागेना. ‘हे कपडे धुण्याबद्दल आहे’ असे ज्यांना आधी सांगितले, त्यांना उतारा समजला आणि कितीतरी अधिक आठवला. ज्यांना ऐकून झाल्यावर सांगितले, त्यांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. विषय आधी ठाऊक असणे हे मुख्य विचारापर्यंत जाण्याचे दार आहे. शीर्षक काढून टाकलेला अपठित उतारा परीक्षेत देणारे हे दार बंद करून आत काय आहे ते विचारतात.

१९८८ सालचा डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा प्रयोग याच्या पुढे जातो. शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात तरबेज पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. खेळ जाणणाऱ्याला कोणता तपशील सामना फिरवणारा आणि कोणता नुसता भरीचा, हे ठाऊक असते. हीच गोष्ट भातलावणीवरचा उतारा मुंबईतल्या मुलाला आणि लोकलच्या गर्दीवरचा उतारा भामरागडच्या मुलाला दिला की घडते. त्याला ‘आकलन कमी’ असा शेरा मिळतो. प्रत्यक्षात कमी असते ती त्या विषयाची ओळख. म्हणून मुख्य विचार शोधण्याचे वेगळे तास वाढवण्यापेक्षा इतिहास, विज्ञान, शेती, व्यापार यांबद्दलचे भरपूर वाचन वर्गात होणे अधिक मोलाचे. युक्त्या लवकर शिकून होतात आणि त्यांचा लाभ तिथेच थांबतो. ज्ञान वर्षे घेते.

परीक्षांमध्ये तपशिलाचे प्रश्न अधिक का येतात, याचे कारण साधे आहे. आकृतिबंधातल्या चार चौकटी भरून घेतल्या की गुण देणे सोपे. उत्तर उताऱ्यात बोट ठेवून दाखवता येते. मुख्य विचाराचे विधान विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत लिहितो, आणि मग ते तपासायला परीक्षकालाही उतारा वाचावा लागतो. चार पर्यायांच्या स्पर्धापरीक्षेत निदान चुकीचे पर्याय शिकवून जातात: एक पर्याय अपुरा, एक ढगळ, एक उताऱ्यात नसलेला पण एरवी खरा. हा शेवटचा सर्वांत जास्त बळी घेतो. उतारा काय म्हणतो याऐवजी जगात खरे काय आहे, याचे उत्तर उमेदवार देऊन बसतो.

तेव्हा सभागृहातल्या शिक्षकांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती अशी. ‘मध्यवर्ती कल्पना लिहा’ या प्रश्नापुढे ‘एका पूर्ण वाक्यात’ हे शब्द जोडावेत. त्याखाली दुसरा प्रश्न घालावा: हे विधान उताऱ्यातल्या कोणकोणत्या वाक्यांवर उभे आहे, आणि कोणते वाक्य काढले तरी चालेल? गुण या दुसऱ्या प्रश्नाला अधिक ठेवावेत. आणि दोन शब्दांच्या उत्तराला, ते कितीही सुवाच्य असले तरी, एकही गुण देऊ नये.